डर्मोस्कोपी

डर्मोस्कोपी (त्वचादर्शन किंवा डर्मॅटोस्कोपी) ही भिंग आणि नियंत्रित प्रकाश यांच्या साहाय्याने त्वचेच्या पृष्ठभागाखालील रचना पाहण्याची वैद्यकीय तपासणी आहे. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही, छेद द्यावा लागत नाही आणि क्ष-किरणही वापरले जात नाहीत. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, हातात मावणाऱ्या उपकरणास डर्मॅटोस्कोप म्हणतात. त्वचेवरील तीळ, डाग, गाठ किंवा न भरणारी जखम निरुपद्रवी आहे की कर्करोगाची, याचा अंदाज बांधण्यासाठी या तपासणीचा उपयोग होतो. बायोप्सी (ऊतीचा लहान तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी) करावी की नाही आणि करायची तर नेमकी कोठून, हेही तिच्या आधारे ठरवता येते.

ही पद्धत प्रामुख्याने युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील गोऱ्या त्वचेच्या रुग्णांवर विकसित झाली. भारतात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण एकूण कर्करोगांच्या १ टक्क्याहून कमी मानले जाते. मात्र येथे तो पायाचा तळवा, नख, भाजल्याचा जुना वण, कमरेवरील घर्षणाची जागा अशा सहसा न पाहिल्या जाणाऱ्या ठिकाणीही होतो आणि त्यामुळे उशिरा लक्षात येतो. म्हणून भारतीय रुग्णाच्या बाबतीत उपकरण कोणते आहे याइतकेच ते कोठे धरले जाते, यालाही महत्त्व आहे.

कार्यतत्त्व

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर (शृंगीस्तर) खडबडीत असतो. हवेतून येणारा बराचसा प्रकाश या थरावरून परावर्तित होतो आणि या चकाकीमुळे खालची रचना डोळ्यांना दिसत नाही. ही चकाकी दोन प्रकारे घालवता येते.

संपर्क पद्धतीत त्वचेवर तेल, जेल किंवा अल्कोहोलचा थेंब टाकून त्यावर उपकरणाची काच टेकवतात. द्रव आणि काच यांचा अपवर्तनांक शृंगीस्तराच्या अपवर्तनांकाच्या जवळ असल्याने परावर्तन कमी होते आणि प्रकाश आत शिरतो. ओला केलेला खडबडीत दगड अधिक स्वच्छ व गडद दिसतो, त्यामागेही हेच कारण असते. ध्रुवित प्रकाश पद्धतीत परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन ध्रुवक पट्ट्या वापरतात. पृष्ठभागावरून थेट परतणारा प्रकाश दुसऱ्या पट्टीत अडतो. त्वचेच्या आत विखुरला जाऊन परतणारा प्रकाश मात्र तिच्यातून पार होतो. या पद्धतीत काच त्वचेवर दाबावी लागत नाही, त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या दबून अदृश्य होत नाहीत.

बहुतेक हस्तोपकरणांत प्रतिमा सुमारे १० पट मोठी दिसते. तिच्यात बाह्यत्वचा, बाह्यत्वचा व आंतरत्वचा यांची सीमा आणि आंतरत्वचेचा वरचा भाग पाहता येतो. दिसणाऱ्या रंगावरून रंगद्रव्याची खोली कळते. मेलॅनिन शृंगीस्तरात असेल तर काळे, बाह्यत्वचेत तपकिरी, आंतरत्वचेच्या वरच्या भागात करडे आणि त्याहून खोल असेल तर निळे दिसते. कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश अधिक विखुरला जाऊन परत येतो, म्हणून खोलवरचे काळे रंगद्रव्य निळसर भासते.

इतिहास

त्वचेचे सूक्ष्म निरीक्षण सतराव्या शतकाइतके जुने आहे. १६६३ मध्ये योहान कोलहाउस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या. १८९३ मध्ये हॅम्बुर्ग येथील त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सोन उन्ना यांनी तेल वापरून त्वचा पारदर्शक करण्याची युक्ती वर्णिली. ‘डर्मॅटोस्कोपी’ ही संज्ञा योहान साफियर यांनी १९२० च्या सुमारास रूढ केली. तिळांच्या तपासणीसाठी या पद्धतीचा वापर अमेरिकेत लिऑन गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात केला. ग्लासगो येथील रोना मॅकी यांनी १९७१ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या निदानातील तिचे महत्त्व दाखवून दिले.

१९८७ मध्ये व्हिएन्ना येथील पेहाम्बर्गर, स्टायनर आणि वोल्फ यांनी रंगीत डागांतील आकृतिबंधांचे पद्धतशीर वर्गीकरण मांडले. १९८९ मध्ये हॅम्बुर्ग येथे परिभाषा ठरवण्यासाठी पहिली परिषद भरली. त्याच सुमारास हातात धरता येणारे उपकरण उपलब्ध झाल्याने ही तपासणी प्रयोगशाळेतून बाह्यरुग्ण विभागात आली. ध्रुवित प्रकाशाचे हस्तोपकरण २००१ पासून मिळू लागले.

भारतात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. उदय खोपकर यांनी संपादित केलेला, सावळ्या त्वचेच्या विकारांतील डर्मोस्कोपीचा सचित्र ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य ग्रंथांतील चित्रे आणि भारतीय रुग्णाची त्वचा यांतील अंतर लक्षात घेता अशा चित्रसंग्रहाची गरज होती. सावळ्या त्वचेत निरोगी भागातही तपकिरी जाळी दिसते आणि लालसरपणा झाकला जातो. ही पार्श्वभूमी ओळखता आल्याशिवाय तिच्यावरील विकृती ओळखता येत नाही.

त्वचेचे प्रमुख कर्करोग व त्यांची लक्षणे

बेसल सेल कार्सिनोमा : हा बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींचा कर्करोग आहे. तो सावकाश वाढतो आणि क्वचितच दूर पसरतो, पण जागेवरची ऊती पोखरत जातो. डर्मॅटोस्कोपखाली झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, निळसर करडे अंडाकृती पुंजके आणि पानाच्या आकाराचे तपकिरी भाग दिसतात. भारतीय रुग्णांत याचा रंगद्रव्ययुक्त प्रकार अधिक आढळतो. तो काळा असल्याने साधा तीळ समजून दुर्लक्षिला जाण्याची शक्यता असते.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा : हा बाह्यत्वचेच्या वरच्या थरांतील पेशींचा कर्करोग आहे. तो जुन्या जखमा, भाजल्याचे वण, सूर्यप्रकाश, आर्सेनिक, डांबर यांच्याशी संबंधित असतो आणि लसीका ग्रंथींत पसरू शकतो. पिवळसर पांढरे केराटिनचे ढीग, केसांच्या छिद्रांभोवती पांढरी वर्तुळे आणि वेटोळ्यासारख्या रक्तवाहिन्या ही त्याची लक्षणे आहेत.

मेलानोमा : हा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे. तिन्हींत तो कमी आढळतो, पण सर्वांत घातक असतो. अनियमित रंगजाळी, विखुरलेले असमान ठिपके, कडेला फुटलेल्या रेषा आणि निळसर पांढरा पडदा ही त्याची लक्षणे आहेत. पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवल्याप्रमाणे मेलानोमाची मिलिमीटरमधील जाडी रुग्णाच्या भवितव्याशी निगडित असते. अमेरिकेतील नोंदींनुसार तो जागेवरच असताना सापडल्यास ५ वर्षे जगण्याचे सापेक्ष प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास असते. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते सुमारे ३५ टक्क्यांवर येते. लवकर निदानाचे सारे प्रयत्न या फरकासाठी असतात.

तळवे आणि नखे

आशियाई व आफ्रिकी वंशाच्या लोकांत मेलानोमा झाल्यास तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. या प्रकाराचा सूर्यप्रकाशाशी स्पष्ट संबंध नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असा मेलानोमा झाला होता. तो सुरुवातीला फुटबॉल खेळताना झालेली इजा मानला गेला. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तळव्याच्या त्वचेवर समांतर उंचवटे आणि त्यांच्यामधील खाचा असतात. बोटांचे ठसे याच रचनेतून उमटतात. उंचवट्यांच्या मध्यावर घर्मग्रंथींची छिद्रे पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात, त्यामुळे उंचवटा कोणता आणि खाच कोणती हे ओळखता येते. निरुपद्रवी तिळात रंग प्रामुख्याने खाचांत असतो, तर मेलानोमात तो उंचवट्यांवर पसरतो. जपानमधील तोशियाकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील अभ्यासात उंचवट्यांवरील रंगाच्या या खुणेची संवेदनशीलता ८६ टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के आढळली. म्हणजे १०० मेलानोमांपैकी ८६ मध्ये ती दिसली आणि १०० निरुपद्रवी डागांपैकी केवळ एकात ती फसवी ठरली. नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही डाग सारखेच काळे दिसतात.

या खुणेलाही अपवाद आहेत. घट्ट बुटांमुळे किंवा खेळताना त्वचेत साकळलेले रक्त उंचवट्यांवर काळसर दिसू शकते. वरचा थर हळुवार खरवडल्यावर ते बहुधा निघते. मेंदी, केसांचे कलप किंवा कामावरील रंग यांचे डागही दिशाभूल करू शकतात, म्हणून त्यांची माहिती तपासणीपूर्वी डॉक्टरांना देणे आवश्यक असते.

सावळ्या व्यक्तींच्या अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेषा असणे सामान्य आहे. मात्र एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी किंवा असमान रंगाची रेषा आणि नखाबाहेरील त्वचेवर पसरलेला रंग (हचिन्सन चिन्ह) यांची तातडीने तपासणी करावी लागते.

महाराष्ट्रातील वैशिष्ट्यपूर्ण प्रकार

वेशभूषेशी निगडित कर्करोगाचे एक ठळक वर्णन मुंबईत झाले. टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये, भारतीय लोकांच्या सवयींशी संबंधित कर्करोगांवरील शोधनिबंधात ‘धोतर कर्करोगा’ची नोंद केली. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी धोतर घट्ट नेसल्याने तेथे घर्षण होते. त्वचेचा रंग बदलतो, ती जाड व खपलीदार होते, भेगा पडतात आणि काही मोजक्या व्यक्तींत तेथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा होतो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही असे रुग्ण आढळले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांचे वृत्त ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एकीच्या कमरेला परकराची नाडी घट्ट बांधलेली असे. दुसरी परकराशिवाय लुगडे नेसत असे. दोघींच्या कुशीवरील जखमा दीर्घकाळ भरल्या नव्हत्या आणि दोन्हींत कर्करोग आढळला. एकीच्या जांघेतील लसीका ग्रंथीत तो पोहोचलाही होता. रुंद पट्टीचा किंवा सैल परकर वापरणे, नाडीची जागा बदलत राहणे आणि त्वचा दुखावली असल्यास ती बरी होईपर्यंत सैल कपडे वापरणे, हे प्रतिबंधाचे साधे उपाय आहेत. पेहराव सोडून देण्याची गरज नसते.

जुन्या वणात किंवा दीर्घकाळच्या जखमेत होणाऱ्या अशा कर्करोगास फ्रेंच शल्यविशारद झाँ-निकोला मार्जोलँ यांच्या नावावरून ‘मार्जोलिन क्षत’ म्हणतात. भाजल्यानंतर तो उद्भवण्यास सरासरी सुमारे तीन दशके लागतात. स्टोव्हच्या भडक्यात, ओतकामात किंवा उकळत्या पाण्याने तरुणपणी भाजलेल्या व्यक्तीस तो उतारवयात होऊ शकतो. जुना वण पुन्हा फुटला, त्यातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला किंवा त्याची कड उंचावली, तर केवळ मलमपट्टी करत राहणे धोक्याचे असते.

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

पुणे जिल्ह्यातील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील औषध कंपनीची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि पुढे खेड तालुक्यातील चाकण येथे वाहन, यंत्रभाग व ओतकाम उद्योग वाढले. या प्रकारच्या उद्योगांत त्वचेच्या दृष्टीने चार बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली बाब खनिज तेलांची. लेथ व कापणी यंत्रांवर वापरले जाणारे कटिंग ऑइल हात, बाह्या व मांड्यांपर्यंत उडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध व अल्पशुद्धीकृत खनिज तेलांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला आहे. उच्चशुद्धीकृत तेले या गटात येत नाहीत आणि आजची अनेक कूलंट द्रावणे पाण्यावर आधारित असतात. त्यांच्यामुळे प्रामुख्याने खाज, त्वचादाह व तेलकट पुरळ होते. दुसरी बाब डांबर, कोळशाचे डांबर व काजळी यांची. काजळी आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या संदर्भात पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवला होता. तिसरी बाब अतिनील किरणांची. वेल्डिंगच्या ठिणगीतून, तसेच उन्हातील बांधकाम व रस्तेकामात हे किरण त्वचेवर पडतात. चौथी बाब भट्टी, वितळलेला धातू आणि वाफ यांमुळे होणाऱ्या भाजण्याची.

तळव्याच्या मेलानोमास हे घटक कारणीभूत असल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही दिवसभर सुरक्षा बुटांत असलेला पाय कोणी पाहत नाही. त्यावरील काळा डाग दबल्याचा, भेगेचा किंवा कुरूपाचा समजला जाणे स्वाभाविक आहे. पाय पाहण्याची सवय यासाठी उपयोगी ठरते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील अधिसूचित रोगांत त्वचेच्या प्राथमिक उपकला कर्करोगाचा समावेश होता. कलम ८९ नुसार असा रोग आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने शासकीय यंत्रणेस कळवणे बंधनकारक होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही अधिसूचित रोगांची यादी कायम आहे. डांबर, खनिज तेल आदींमुळे झालेला त्वचेचा कर्करोग कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही व्यावसायिक रोग मानला गेला आहे. मात्र अशा कर्करोगाचा सुप्तकाळ अनेक वर्षांचा असतो. कंत्राटी कामगार तोपर्यंत अनेक कारखाने बदलून गेलेला असतो किंवा कायम कामगार निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. जुन्या कामाची आणि त्वचेच्या तेव्हाच्या स्थितीची नोंद नसेल, तर रोगाचा संबंध जोडणे आणि हक्क सिद्ध करणे दोन्ही अवघड जाते. या दृष्टीने कामाच्या स्वरूपाची लेखी नोंद आणि वणांची दिनांकित छायाचित्रे यांना निदानाबरोबरच कायदेशीर महत्त्वही आहे.

या परिसरात पिंपरी येथील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चिंचवडमध्ये कर्मचारी राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. पुणे शहरात ससून सर्वोपचार रुग्णालय आहे.

तपासणीची पद्धत

रुग्णाचे वय, काम, भाजल्याचा इतिहास, कुटुंबातील कर्करोग आणि डागात झालेला बदल यांची माहिती प्रथम घेतली जाते. त्यानंतर पुरेशा उजेडात संपूर्ण त्वचा नुसत्या डोळ्यांनी पाहतात. यात तळवे, बोटांच्या बेचक्या, नखे, कंबर आणि जुने वण यांचा समावेश असावा लागतो. नखांवरील रंग तपासणीपूर्वी काढणे आवश्यक असते. संशयास्पद जागेचे साधे छायाचित्र, मोजपट्टीसह जवळचे छायाचित्र आणि डर्मॅटोस्कोपमधून घेतलेली प्रतिमा असा क्रम सामान्यतः पाळला जातो. तपासणीस काही मिनिटे पुरतात आणि वेदना होत नाहीत.

संशय बळावल्यास बायोप्सी करतात. कर्करोगाचे अंतिम निदान तिच्यावरच अवलंबून असते. डर्मोस्कोपी बायोप्सीची जागा घेत नाही.

घरी पाहताना असमानता, अनियमित कड, अनेक रंग, ६ मिलिमीटरहून अधिक व्यास आणि काळानुसार होणारा बदल हे पाच निकष वापरले जातात. त्यांतील पहिले चार १९८५ मध्ये मांडले गेले आणि पाचवा २००४ मध्ये जोडला गेला. भारतीय संदर्भात त्यांना आणखी एका निकषाची जोड द्यावी लागते. महिनाभर उलटूनही न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी.

अचूकता आणि मर्यादा

कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यानुसार, विशिष्टता ८० टक्के स्थिर धरली असता नुसत्या डोळ्यांनी १०० पैकी सुमारे ७६ मेलानोमा ओळखले जातात, तर प्रत्यक्ष डर्मोस्कोपीने सुमारे ९२. हा लाभ प्रशिक्षणावर अवलंबून असतो. अप्रशिक्षित व्यक्तीच्या हातात उपकरण दिल्याने निदान सुधारत नाही.

सरसकट सर्वांची तपासणी करणे उपयुक्त ठरेल असेही नाही. समजा १०,००० व्यक्तींपैकी एकालाच मेलानोमा आहे आणि तपासणीची विशिष्टता ८० टक्के आहे. अशा वेळी सुमारे २,००० निरोगी व्यक्ती संशयित ठरतील आणि त्यांना अनावश्यक चिंता व बायोप्सी सोसावी लागेल. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानेही २०२३ मध्ये, लक्षणे नसलेल्या प्रौढांच्या सरसकट त्वचा-तपासणीस पुरेसा पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला. भारतातील राष्ट्रीय कर्करोग तपासणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांवर भर आहे, त्वचेवर नाही. त्यामुळे जुने वण असलेल्या, तेल-डांबराशी दीर्घकाळ संपर्क आलेल्या किंवा डागात बदल जाणवलेल्या व्यक्तींची निवडक तपासणी करणे अधिक व्यवहार्य ठरते.

इतर प्रतिमांकन पद्धती व कृत्रिम बुद्धिमत्ता

अनेक तीळ असलेल्या व्यक्तींसाठी संपूर्ण शरीराची छायाचित्रे ठरावीक काळाने घेऊन त्यांची तुलना करतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शनात लेसर किरणांच्या साहाय्याने जिवंत त्वचेतील पेशी पाहता येतात. प्रकाशीय समन्वय छेदचित्रण (ओसीटी) आणि उच्च वारंवारतेची सोनोग्राफी यांतून गाठीच्या खोलीचा अंदाज येतो. ही उपकरणे महाग असल्याने त्यांचा वापर मर्यादित आहे. मोबाइलला जोडता येणाऱ्या डर्मॅटोस्कोपमुळे प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवणे शक्य झाले आहे.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १,२९,४५० प्रतिमांवर प्रशिक्षित केलेल्या संगणकीय प्रणालीची तुलना २१ त्वचारोगतज्ज्ञांशी केली. काही ठरावीक चाचण्यांत ती त्यांच्या बरोबरीची आढळली. मात्र त्याच विद्यापीठातून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विविध वर्णांच्या ६५६ प्रतिमांवरील अभ्यासात अशा प्रणालींची कामगिरी गडद त्वचेवर खालावलेली दिसली. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या संग्रहांत गडद त्वचेच्या प्रतिमा फार थोड्या होत्या. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २०२० च्या आढाव्यानेही मोबाइल अ‍ॅपवर कर्करोग ओळखण्यासाठी विसंबून राहू नये, असे म्हटले. भारतीय त्वचेच्या, विशेषतः तळवे, नखे आणि वण यांच्या, बायोप्सीने पडताळलेल्या प्रतिमा रुग्णाच्या संमतीने साठवणे ही या क्षेत्रातील पायाभूत गरज आहे.

हेही पहा

मेलानोमा
बायोप्सी
मेलॅनिन
वसंत रामजी खानोलकर
टाटा मेमोरियल रुग्णालय
व्यावसायिक रोग